आधी तिला विचारा

प्रश्न : सिस्टर, आम्ही डिचोली तालुक्यातले. माझी मुलगी १६ वर्षांची, अकरावीत आहे. तिच्या दोन पाळ्या चुकल्या. फार्मसीतून पट्टी आणून तपासलं तर दोन रेघा आल्या. मुलगा आमच्याच वाड्यावरचा, १७ वर्षांचा, आयटीआयला जातो. माझे यजमान बोटीवर असतात, चवथीला घरी येणार आहेत. सासूबाईंना अजून काही माहीत नाही. माझी नणंद म्हणते, देवळात गुपचूप हार घालून टाकूया, १८ पूर्ण झाल्यावर नोंदणी करू. दुसरी एकजण गोळ्या आणून देते म्हणते. डॉक्टरकडे गेलं तर पोलीस येतील अशी भीती वाटते. मुलगी धड जेवत नाही, बोलत नाही. मी काय करू? – एक आई

उत्तर : ताई, तुम्ही दिलेल्या नंबरवर आपण बोललोच आहोत. तेच इथे तुमच्या परवानगीने सविस्तर लिहिते, कारण असाच घोर लागलेली घरं आणखी असतील.

आधी लग्नाचं बोलते, कारण त्यावर माझं मत पक्कं आहे. हे लग्न लावू नका. मुलीला १८ आणि मुलाला २१ पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे तुमची मुलगी १८ची झाली तरी त्या मुलाच्या वयामुळे नोंदणी होणार नाही. २००६च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली असं लग्न ठरवणारे आणि लावणारे दोघेही गुन्हेगार ठरतात. हार घातल्याने पोलिसांचा प्रश्न सुटतो हा तर मोठाच गैरसमज. पत्नी १८ वर्षांखालची असेल तर तिच्याशी संबंध हा बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये सांगितलं आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, सोळाव्या वर्षी दुसऱ्याच्या घरात पोटुशी सून म्हणून गेलेल्या मुलीची अकरावी तिथेच संपते. मी प्रसूती विभागात नोकरी केली. अशा मुली मी खाटेवर पाहिल्या आहेत. रक्त कमी, रक्तदाब वाढलेला, आणि बाळ रडलं की त्याच्याकडे परक्यासारखं बघणाऱ्या.

गोळ्यांना तर हातही लावू नका. गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. दोन पाळ्या चुकल्या म्हणजे नऊ आठवडे होत आले असतील किंवा उलटूनही गेले असतील, आणि गोळ्यांनी गर्भपात करायला नऊ आठवडे हीच मर्यादा आहे. गर्भ नळीत अडकलेला असेल तर गोळी घेऊन काही होत नाही, उलट नळी फुटून जिवावर बेतू शकतं. हे सोनोग्राफी केल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही, ओळखीच्या फार्मसीवाल्यालाही नाही.

म्हणून याच आठवड्यात सरकारी रुग्णालयात जा. तुम्हाला म्हापशाचं जिल्हा रुग्णालय जवळ पडेल, नाहीतर बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय. आधार कार्ड आणि वयाचा दाखला बरोबर घ्या. शेवटची पाळी कधी आली होती ती तारीख कागदावर लिहून न्या, ऐनवेळी आठवत नाही. रक्त, रक्तदाब आणि सोनोग्राफी झाली की मगच पुढचं बोलता येतं.

आता एक गोष्ट नीट ऐका. ओपीडीत डॉक्टर मुलीला विचारतात, "शेवटची पाळी कधी?" आणि उत्तर आईच देते. "त्रास होतो का?" आईच. मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत असते. तुम्ही तसं करू नका. डॉक्टरांना स्वतःहून सांगा, "मी जरा बाहेर थांबते." त्या दहा मिनिटांत ती काय सांगेल हे तुम्हाला किंवा मला ठाऊक नाही. ते प्रेम होतं, की तिला नाही म्हणता आलं नाही, की मुलगा दुसराच कुणी आहे, किंवा घरातलाच कुणी मोठा माणूस आहे? हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. मोकळेपणी विचारलं जाईपर्यंत मुली नावं बदलून सांगतात, एवढं मला माहीत आहे.

निर्णयही तिला विचारूनच घ्या. २०२१च्या सुधारणेनंतर गर्भपाताच्या कायद्यात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. मुलगी अल्पवयीन असेल तर २० ते २४ आठवड्यांतही गर्भपात होऊ शकतो, पण तेव्हा दोन डॉक्टरांचं मत लागतं. अल्पवयीन असल्यामुळे पालकाची लेखी संमती लागते, ती तुम्ही द्याल. पण मुलीचं आणि पालकांचं मत वेगळं असेल तर मुलीच्या मताला महत्त्व द्यायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४मध्ये म्हटलं आहे. तिला मूल ठेवायचं असेल तर तीही वाट आहे. नियमित तपासण्या करायच्या, आणि बाळाला सांभाळणं जमणार नसेल तर बाल कल्याण समितीपुढे त्याला रीतसर सोपवता येतं. त्यावर फेरविचार करायला दोन महिने मिळतात. कचऱ्यात किंवा देवळाच्या पायरीवर बाळ सापडल्याची बातमी वाचली की माझ्या जिवाची तडफड होते, कारण ही वाट कुणी त्या आईला सांगितलेलीच नसते.

पोलिसांबद्दल तुमच्यापासून काही लपवत नाही. १८ वर्षांखालच्या मुलीची संमती पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, मानत नाही आणि डॉक्टरांना कळवावंच लागतं. मात्र २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक दिलासा दिला आहे. मुलीच्या संमतीचे संबंध असतील आणि गर्भपातासाठी आलेली मुलगी व तिचे पालक तशी विनंती करतील, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव देण्याची गरज नाही. ही विनंती तुम्ही तोंडाने करा, ती आपोआप होत नाही. मुलगाही १७चाच आहे, त्याचं काही झालंच तर ते आधी बाल न्याय मंडळापुढे जाईल. त्याच्या आईवडिलांना सांगा की जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मुलांना मोफत वकील देतं. तोही कुणाचा तरी मुलगाच आहे. त्याला वाड्यावर मारहाण होऊ देऊ नका.

यजमानांना चवथीपर्यंत अंधारात ठेवू नका. घर पाहुण्यांनी भरलेलं असताना त्यांना कळलं तर बिचाऱ्या पोरीची शोभा होईल. आधीच फोनवर सांगा, आणि सांगताना रुग्णालयात काय ठरलं तेही सांगा. वाट ठरली आहे म्हटलं की बापाचा राग थोडा आवरतो. सासूबाईंना सांगायचं की नाही, ते मुलीला विचारा.

आणि शाळा. तिचं नाव शाळेतून काढू नका. अशा वेळी मुली मला कुजबुजत विचारायच्या ते बहुतेक वेळा हेच, "मला परीक्षेला बसायला मिळेल?" मिळेल, ताई. ती जेवत नाही, बोलत नाही म्हणता, त्यासाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिच्या हातात द्या. तो मोफत आहे, रात्रीही लागतो. मरणाबिरणाचं बोलली तर थांबू नका, तिला एकटी न ठेवता त्याच दिवशी बांबोळीला न्या.

प्रश्न : सिस्टर, मी दहावीत आहे. माझ्या मैत्रिणीची पाळी दोन महिने आलेली नाही. कुणाला सांगणार नाही अशी तिने मला शपथ घातली आहे, आणि गोळ्यांसाठी पैसे मागते आहे. – फोंडा

उत्तर : बाय, पैसे देऊ नकोस. वरचं उत्तर वाच, गोळ्यांचं कारण तिथे लिहिलं आहे. या वयात पाळी परीक्षेच्या ताणाने, वजन कमी-जास्त झाल्याने किंवा हार्मोन्समुळेही चुकते, तेव्हा आधी तपासणी होऊ दे.

हे ओझं तू एकटीने वाहायचं नाहीस. तिची आई, मावशी, शाळेतल्या समुपदेशक बाई, यांतलं एक माणूस तिलाच निवडू दे. "मी तुझ्याबरोबर येते, बोलायला तूच सुरुवात कर," असं म्हण. कुणीच नको म्हणाली तर दोघींनी मिळून १०९८ला फोन लावा, तो मदतीचा नंबर मुलामुलींसाठीच आहे. आणि तिच्या पोटात जोरात दुखू लागलं, चक्कर आली किंवा खूप रक्त जाऊ लागलं, तर शपथेचा विचार करत बसू नकोस. समोर जे मोठं माणूस असेल त्याला सांग आणि १०८ची गाडी बोलाव.