पियाजे, व्हायगॉट्स्की पाठ केले. पण 40 मुलांच्या वर्गात त्यांचा उपयोग काय?

तुम्ही लिहिलंय की डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षकाच्या पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहात, मुलं कशी शिकतात हे सांगणारे मानसशास्त्रज्ञ, म्हणजे पियाजेचे मुलाच्या विचाराचे चार टप्पे, व्हायगॉट्स्कीचं निकट विकासाचं क्षेत्र (मुलाला एकट्याने नाही, पण कोणाच्या मदतीने जमतं ते), ब्रुनर, सगळं परीक्षेपुरतं पाठ आहे. पुढच्या महिन्यात नगरजवळच्या शाळेत सरावपाठ घ्यायचेत आणि 40 मुलांसमोर यातलं काही कामाला येतं का, अशी शंका आहे.

येतं. फक्त परीक्षेत जो भाग पाच मार्कांना विचारतात तो नाही.

मी बडोद्यात, मांडवीजवळच्या एका गुजराती शाळेत 19 वर्षं प्राथमिकला शिकवते. घरी मराठी, शाळेत गुजराती. दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती. अंकलेखनात मी 'ओगणचाळीस' (एकोणचाळीस) म्हटलं की ती 49 लिहायची. 'ओगणत्रीस' (एकोणतीस) म्हटलं की 39. मी फुली मारायची आणि खाली 39 वीस वेळा लिहून आण म्हणायची. ती निमूटपणे लिहून आणायची, आणि दुसऱ्या दिवशी परत 49. असे तीन आठवडे गेले. लक्ष नाही, घरी कोणी बघत नाही, असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

एकदा वह्या तपासताना दिसलं की तिचे 31, 43, 47 सगळे बरोबर आहेत. चुकतात ते फक्त 'ओगण'वाले, आणि प्रत्येक वेळी बरोब्बर दहाने. मग तिला जवळ बोलावलं आणि फुली न मारता विचारलं, हे कसं लिहिलंस ते सांग. तिने आकड्यावर बोट ठेवलं. "बेन, चाळीस बोल्या एटले चार. अने ओगण आवे त्यां छेल्ले नव आवे."

चाळीस म्हणालात म्हणून चार, आणि ओगण आलं की शेवटी नऊ. हा दुसरा नियम तिला कोणी शिकवला नव्हता. ओगणीस, ओगणत्रीस, ओगणपचास ऐकून ऐकून सात वर्षांच्या पोरीने तो स्वतः शोधला होता! पहिलाही रास्तच, कारण त्रेताळीस, सुडताळीस ऐकलं की चारच लिहायचा असतो. दोन खरे नियम एकत्र लावले आणि उत्तर चुकलं. आपल्या मराठीतही तेच आहे. एकोणचाळीस म्हणजे एक ऊन चाळीस, चाळीसला एक कमी. हे 'ऊन' आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की मुलाला ते ऐकू येत नाही हे आपल्या ध्यानातच येत नाही.

आता पियाजेकडे या. 1920 च्या सुमारास हा तरुण पॅरिसमध्ये मानसशास्त्रज्ञ तेओदोर सिमाँ यांच्याकडे काम करत होता. इंग्लंडचे मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांच्या इंग्रजी तर्कचाचण्या फ्रेंच मुलांसाठी प्रमाणित करायच्या, म्हणजे बरोबर उत्तरं मोजायची, एवढंच काम. त्याचं लक्ष मात्र चुकलेल्या उत्तरांकडे गेलं. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेने का चुकतात, हे तो मुलांशी बोलून बघायला लागला आणि पुढचं सगळं काम त्यातून उभं राहिलं. माझ्या मते शिक्षकासाठी पियाजे मुख्यतः इथेच आहे. चार टप्पे हा त्याचा निष्कर्ष. आपल्या हाताला येण्यासारखी आहे ती त्याची रीत: चुकीचं उत्तर दिसलं की 'हे कसं केलंस?' विचारायचं आणि गप्प बसून ऐकायचं.

टप्प्यांच्या वयांना मात्र भिंती समजू नका. '7 ते 11 मूर्त क्रियात्मक' (समोरच्या वस्तूंवरून तर्क करण्याचा टप्पा) हे वाचून 'हा सहाच वर्षांचा आहे, याला नाही जमणार' असं म्हणणारे शिक्षक मी पाहिलेत, आणि त्यात मुलाचं नुकसान होतं. पियाजेचा तो प्रयोग तुम्हाला माहीत असेलच: बटणांच्या दोन सारख्या रांगा, मूल म्हणतं दोन्हीकडे सारखी आहेत, मग एक रांग लांब पसरवली की म्हणतं, इकडे जास्त. 1974 मध्ये एडिंबराला मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी तोच प्रयोग जरा बदलून केला. रांग मोठ्या माणसाने हलवायच्या ऐवजी एका खोडकर टेडी अस्वलाने येऊन विस्कटली. तीच चार ते सहा वर्षांची मुलं, पण बरोबर उत्तर देणारी कितीतरी वाढली. त्यांचं म्हणणं असं, की मोठं माणूस मुद्दाम काहीतरी हलवून तोच प्रश्न परत विचारतं तेव्हा मुलाला वाटतं, उत्तर बदलायला हवं.

हे वाचलं आणि माझा अख्खा वर्ग डोळ्यांपुढे आला. आपण 'नक्की?' असं कधी विचारतो? उत्तर चुकलं की. मुलांना हे पक्कं ठाऊक असतं. बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं म्हणजे आपलं चुकलं, खोडा. म्हणून 'कसं केलंस?' हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारायचा, अगदी पहिल्या दिवसापासून. माझ्या वर्गात मुलांची भीती जायला दीड-दोन महिने लागले. तोवर 'कसं केलंस' म्हटलं की रबर निघायचं.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगते, कारण व्हायगॉट्स्की तिथे आहे. मी तिला फळ्यावर संख्यारेषा काढून दाखवली, एकक-दशक समजावलं, तिने मान डोलावली. काही उपयोग झाला नाही. मग शेजारच्या मुलासोबत बसवलं. तो काही फार हुशार नव्हता, पण त्याचं 'ओगण' महिनाभरापूर्वीच सुटलं होतं. त्याने तिची वही बघितली आणि कपाळाला हात लावला: "अरे, हजी चाळीस थया ज नथी!" अजून चाळीस झालेच नाहीत. मग दोघं व्हरांड्याच्या पायऱ्यांवर गेली. चाळीसची पायरी ठरवली आणि तिला एक पायरी खाली उभं केलं. दुसऱ्या दिवशी तिने 39 लिहिला, आणि लिहिताना ओठांतल्या ओठांत 'हजी थया नथी' पुटपुटत होती. मूल स्वतःशी बोलतं ते विचाराचं हत्यार म्हणून, हे व्हायगॉट्स्कीचं म्हणणं मला त्या पुटपुटण्यात पहिल्यांदा नीट समजलं. तेव्हापासून मी वर्गात 'मनातल्या मनात करा' म्हणणं सोडलंय.

जोडी लावताना एक सांभाळा. पहिल्या नंबराच्या मुलाला मागच्या बाकावरच्याजवळ बसवलं तर तो उत्तर सांगून मोकळा होतो. ती अडचण नुकतीच ओलांडलेलं मूल शोधा.

परांचीची उपमा, म्हणजे शिकताना मुलाला दिलेला तात्पुरता आधार, तुमच्या नोट्समध्ये बहुधा व्हायगॉट्स्कीच्या नावावर असेल. ती 1976 मध्ये वुड, ब्रुनर आणि रॉस यांनी मांडली. व्हायगॉट्स्की तर 1934 मध्येच वारला, अवघ्या 37 व्या वर्षी. त्या उपमेतली महत्त्वाची गोष्ट म्हणजे परांची उतरवायची असते. दशक शिकवायचे दहा-दहा काड्यांचे गठ्ठे तिसरीतही चालूच राहिले तर मूल गठ्ठ्यांवरच टेकून राहतं.

ब्रुनरने सांगितलेला शिकण्याचा क्रम थोडक्यात. आधी हाताने, मग चित्राने, मग चिन्हाने. 52 वजा 38 चं उत्तर निम्मा वर्ग 26 देतो, कारण दोनातून आठ जात नाहीत म्हणून मुलं आठातून दोन काढतात. रबर लावलेला दहा काड्यांचा गठ्ठा मुलाने स्वतः सोडला, मग वहीत गठ्ठ्याचं चित्र काढून त्यावर काट मारली, की दशक सुटं करणं म्हणजे काय ते हाताला कळतं. सरळ चिन्हांपासून सुरुवात केली तर नुसतं खोडाखोडीचं तंत्र उरतं.

40 मुलांचं म्हणाल, तर सगळ्यांशी रोज बोलणं होत नाही. मलाही जमत नाही. मी वह्या मार्कांप्रमाणे न लावता चुकीच्या जातीप्रमाणे लावते. 42 वह्यांतून एका वेळी तीन-चारच ढीग निघतात. प्रत्येक ढिगातल्या एका मुलाला मधल्या सुट्टीआधी दोन मिनिटं बोलावते, एवढंच. सरावपाठाला वेळ कमी असतो, तेव्हा एकच ढीग करा, पण त्यातल्या मुलाचं शेवटपर्यंत ऐका.

तुमच्याकडे अजून एक बघण्यासारखं आहे. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक', एकोणचाळीसला 'तीस नऊ' अशी संख्यावाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. माझ्या त्या मुलीला 'तीस नऊ' ऐकू आलं असतं तर तिचं उत्तर चुकलंच नसतं, म्हणून मला तो बदल तेव्हाही पटला होता. सरावपाठाला जाल तेव्हा एकदा 'एकोणचाळीस' आणि एकदा 'तीस नऊ' असं दोन्ही लिहायला सांगा, आणि मुलं काय लिहितात ते इथे जरूर कळवा.