बोक्याची लघवी अडकली आहे, 60 हजार खर्च सांगितलाय. करावा का?

नेरूळमधला 5 वर्षांचा बोका, कालपासून लघवी नाही, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) 9. कॅथेटर (लघवी काढायची नळी), तीन दिवस अ‍ॅडमिट आणि पुढे ऑपरेशन मिळून 60 हजार, असं तुम्ही लिहिलंय. अख्ख्या 60 हजारांचा निर्णय आज घेऊच नका. आज फक्त कॅथेटर आणि सलाईनचा घ्या, पण तो तासाभरात.

क्रिएटिनिन 9 म्हणजे किडनी गेली असं धरू नका. वाट बंद झाली की बाहेर जायचं ते रक्तात साठतं. वाट मोकळी झाली की बहुतेक बोक्यांचा आकडा दोन-तीन दिवसांत उतरतो. जीव जातो तो रक्तात साठलेल्या पोटॅशियममुळे. साडेपाचपर्यंत ठीक, 8 च्या वर गेलं की ठोके मंदावून हृदय कधीही थांबतं. घरी पोट दाबून लघवी काढायला जाल तर मूत्राशय फुटेल. आणि दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका, ते मांजराला विष आहे.

एस्टिमेट टप्प्याटप्प्याने वेगळं मागा. लघवी मोजणार का, हे विचाराच: अडथळा सुटल्यावर ती धो धो होते आणि तेवढं सलाईन गेलं नाही तर जनावर कोरडं पडतं. रात्री माणूस नसेल तिथे अ‍ॅडमिशनचे पैसे घालू नयेत, हे माझं स्पष्ट मत.

ऑपरेशन पहिल्या खेपेला सहसा लागत नाही. कॅथेटर जातच नसेल किंवा पुन्हापुन्हा अडकत असेल तरच. खडे आहेत का ते बघायला एक्स-रे आणि सोनोग्राफी मात्र करून घ्या. स्ट्रुव्हाइट प्रकारचे खडे युरिनरी डाएटने (खास खाण्याने) विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे नाही.

परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे जनावरांचं हॉस्पिटल स्वस्त पडतं का, फोन करून विचारा. पण आधी नेरूळमध्येच मूत्राशय रिकामं करून घ्या. तुंबलेला बोका घेऊन वाशी पुलाच्या ट्रॅफिकमध्ये अडकू नका.

एवढेही पैसे नसतील तर दयामरण मागायला लाजू नका. घरी ठेवून वाट बघणं म्हणजे त्याला दोन-तीन दिवस तडफडवणं.

थोडे पैसे राखून ठेवा, कारण कॅथेटर काढल्यानंतरचा पहिला आठवडा धोक्याचा. खाणं ओलं द्या आणि लिटर ट्रेमधले लघवीचे गोळे रोज मोजा. नुसता बसून जोर करतोय आणि गोळा नाही, असं दिसलं की लगेच डॉक्टरकडे.