कासवाच्या टाकीतलं पाणी कुठे ओताल?
पाळलेलं लाल कानाचं कासव (मूळचं अमेरिकेतलं) टुणटुणीत दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका. माणसाला आजारी पाडणारा साल्मोनेला जिवाणू कासवात लक्षणं नसतानाही विष्ठेतून पडत राहतो. खरी चूक पाणी बदलताना होते. ते पाणी तळ्यात किंवा पावसाच्या गटारात नको, थेट शौचालयात ओता. कासवाच्या अंगात राहणाऱ्या पॉलिस्टोम नावाच्या चपट्या कृमींना मधला यजमान, म्हणजे वाढीसाठी दुसरा प्राणी, लागतच नाही: अंडी पाण्यात पडतात, अळी पोहत पुढचं कासव गाठते. फ्रान्स-स्पेनमधल्या स्थानिक कासवांत असे अमेरिकी कृमी सापडलेत. रक्तातले कृमी मात्र गोगलगायीमार्फत जातात, म्हणून टाकीतल्या गोगलगायीही बाहेर सोडायच्या नाहीत. जाळी-बादली आधी खसखसून घासा, मग १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाण्यात १० मिनिटं बुडवा. शेवाळाचा बुळबुळीत थर राहिला तर ब्लीच त्यातच खर्ची पडतं. शेवटी धुऊन कडकडीत वाळवा.