व्हीप झुगारून पाणी योजनेला मत दिले तर नगरसेवकपद जाईल का?

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेत थेट निवडून आलेले नगराध्यक्ष एका पक्षाचे आणि सभागृहात बहुमत आमच्या पक्षाचे. त्यामुळे प्रत्येक विषय एकतर तहकूब होतो, नाहीतर फेटाळला जातो. उंच टाकी आणि नव्या जलवाहिनीचा विषयही असाच अडकला आहे. मी दोन्हीकडच्या सदस्यांशी बोलून तोडगा काढला : पाणीपट्टीतली वाढ एकदम न करता दोन टप्प्यांत करायची आणि वरच्या भागातल्या प्रभागांना आधी पाणी द्यायचे. नगराध्यक्षांना तो मान्य आहे. आमचे गटनेते मात्र म्हणतात, त्यांचा एकही विषय मंजूर होऊ द्यायचा नाही, व्हीप (कसे मतदान करायचे याचा पक्षादेश) काढतो. मी बाजूने मत दिले तर माझे पद जाईल का? त्या दिवशी गैरहजर राहिले तर चालेल का? पलीकडच्यांनी मला पाणीपुरवठा समितीचे सभापतिपदही देऊ केले आहे. ते घ्यावे का?
– एक नगरसेविका, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : ताई, तुमचा तिसरा प्रश्न आधी घेऊ, कारण खरा धोका तिथे आहे. सभापतिपद घेऊ नका.

तुम्हाला लागू होतो तो महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता (म्हणजे अपात्रता) अधिनियम, १९८६. महानगरपालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद आणि पंचायत समिती त्याच्या कक्षेत येतात, ग्रामपंचायत येत नाही. आमदार-खासदारांना लागू होणारे राज्यघटनेचे दहावे परिशिष्ट (पक्षांतरबंदी) वेगळे आणि हा कायदा वेगळा, पण साचा तोच. कलम ३ प्रमाणे पद दोन कारणांनी जाते. एक, पक्षाचे सदस्यत्व स्वेच्छेने सोडले तर. दोन, पक्षाच्या किंवा पक्षाने अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या आदेशाविरुद्ध सभेत मत दिले किंवा मतदानच केले नाही तर.

दुसऱ्या कारणाला कायद्यानेच दोन दरवाजे ठेवले आहेत. मतदानाआधी पक्षाची परवानगी घेतलेली असेल तर अनर्हता येत नाही. परवानगी नसली, तरी मतदानाच्या तारखेपासून १५ दिवसांत पक्षाने ते मत क्षमापित, म्हणजे माफ, केले, तरीही येत नाही. मात्र एखाद्या पदाच्या, प्राधिकरणाच्या किंवा समितीच्या निवडणुकीत पूर्वपरवानगीशिवाय आदेश मोडला, तर हा दुसरा दरवाजा बंद असतो. पक्षाला नंतर माफ करायचे असले तरी करता येत नाही. टाकीच्या विषयावर आदेश मोडलात तर १५ दिवसांत सावरायला जागा आहे. सभापती निवडीला व्हीप निघाला आणि तुम्ही पलीकडच्यांच्या पाठिंब्याने उभ्या राहिलात, तर ती नाही. शिवाय टाकीसाठी दिलेले मत पदासाठी दिले, हा आरोप तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून द्याल. याच न्यायाने, तडजोडीच्या कोपऱ्यात घरच्या कुणाच्या कंत्राटाचा विषय असेल तर तो आजच काढून टाका. कंत्राटातल्या हितसंबंधावरून अपात्र ठरवण्याची तरतूद १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात वेगळी आहे, आणि तिथे पक्षाची माफी उपयोगाची नाही.

आता गैरहजर राहण्याचा मार्ग. बहुतेकांना तो सोपा वाटतो, आणि फसतात तेही त्यातच. कायद्यात विरोधी मताच्या जोडीला मतदान न करणेही लिहिलेले आहे. ‘हजर राहून विरोधात मतदान करावे’ असा व्हीप असेल तर घरी बसणे किंवा तटस्थ राहणे हेही आदेश मोडणेच ठरू शकते. जोखीम तेवढीच, आणि टाकीला मिळणारे एक मत मात्र हातचे जाते. दवाखान्याचा दाखला जोडून निभावेल, या भरवशावर राहू नका.

मग करायचे काय? सभेची नोटीस आणि विषयपत्रिका हाती पडताच गटनेत्यांना आणि त्यांना अधिकारपत्र देणाऱ्या पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना वेगवेगळे लेखी अर्ज द्या. विषय क्रमांक, सभेची तारीख, तोडग्यातले दोन मुद्दे आणि ‘या विषयावर बाजूने मतदान करण्यास पूर्वपरवानगी मिळावी’ एवढेच लिहा. नेत्यांवर टीका नको, जुनी उणीदुणी नकोत. पोच घ्या. परवानगी नाकारली तरी हा कागद पुढे कामाला येतो, कारण पक्षात राहूनच तुम्ही मतभेद मांडलात हे त्यावरून दिसते.

दुसरे म्हणजे तोडगा उपसूचनेच्या, म्हणजे मूळ प्रस्तावातल्या दुरुस्तीच्या, रूपात मांडा, आणि ती उपसूचना शक्यतो तुमच्याच पक्षाच्या सदस्याच्या नावाने येऊ द्या. नगराध्यक्षांच्या मूळ प्रस्तावाच्या सूचक किंवा अनुमोदक तुम्ही होऊ नका. ‘दरवाढ आम्ही टप्प्यांवर आणली’ असे पक्षाला लोकांना सांगता आले, तर व्हीप निघणारच नाही किंवा निघालेला मागे घेतला जाईल. व्हीप फक्त मूळ प्रस्तावाविरुद्ध आहे की उपसूचनेसह, तेही शब्दशः वाचा. संदिग्ध असेल तर गटनेत्यांना लेखी विचारा.

व्हीप आलाच तर तो चुकवू नका. दार न उघडणे, फोन बंद ठेवणे याने दारावर चिकटवल्याचा पंचनामा होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांसमोर तुम्ही पळ काढल्याचे चित्र उभे राहते. घ्या, तारीख-वेळ टाकून सही करा, प्रत ठेवा. मग तपासा : सही कुणाची, त्यांना अधिकार कुणी दिला, सभा आणि विषय नेमका लिहिला आहे का. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नोंदवहीत तुमचा गट आणि गटनेता कोण म्हणून नोंदला आहे, त्याची नक्कल काढा. विटा नगरपरिषदेच्या प्रकरणात, सदाशिव पाटील विरुद्ध विठ्ठल टेके, सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले की लोकांनी निवडून दिलेल्या सदस्याचे पद घालवणाऱ्या या तरतुदी काटेकोरपणे लावायच्या, अधिनियम आणि नियम यांचे कडक पालन झालेले दिसले पाहिजे. तुमच्या पक्षात दोन गट पडले असतील तर शिवसेनेतल्या फुटीवरचा, सुभाष देसाई प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा ११ मे २०२३ चा निकालही पाहा. तो विधिमंडळाबाबत आहे, पण प्रतोद (व्हीप काढणारा) राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष (त्या पक्षाच्या आमदारांचा गट) नाही, हे सूत्र त्यात आहे. तरीही व्हीपमधल्या तांत्रिक त्रुटीच्या भरवशावर मत देऊ नका. तो शेवटचा बचाव म्हणून ठेवा.

‘विकासाच्या विषयाला व्हीप लागूच होत नाही’ असे तुम्हाला कुणी सांगेल. किहोतो होलोहान निकालात (१९९२) न्यायालयाने आमदार-खासदारांच्या बाबतीत व्हीपची धार सरकारच्या अस्तित्वाचे मतदान आणि पक्षाच्या पायाभूत धोरणापुरती ठेवावी असे म्हटले होते. दिनेश गोस्वामी समितीनेही १९९० मध्ये ती मर्यादित करण्याचीच शिफारस केली होती. युक्तिवादात हे जरूर मांडता येईल. पण तुमच्या कायद्याचे शब्द रुंद आहेत. घोडेबाजार थांबवायला आणलेल्या जाळ्यात टाकीसाठी मत देणारी नगरसेविकाही अडकते, हा या कायद्याचा मोठा दोष आहे. तो दुरुस्त होईपर्यंत त्याच्या शब्दांना धरूनच चालावे लागेल.

पहिल्या कारणापासूनही जपा. सदस्यत्व सोडायला राजीनामा लागतोच असे नाही, वागण्यावरूनही तसा निष्कर्ष काढता येतो, हे गोव्याच्या रवी नाईक प्रकरणात १९९४ मध्ये ठरले. विरोधी पक्षाच्या नेत्याला सरकार बनवायला बोलवा, असे पत्र राज्यपालांना देणारे उत्तर प्रदेशातले आमदार २००७ मध्ये अपात्र ठरले. उलट कर्नाटकात आमदारांनी आपल्याच मुख्यमंत्र्यांवर अविश्वास दाखवला, पण पक्षाच्या दुसऱ्या नेत्याला पाठिंबा देऊ असे लिहिले. ते पक्ष सोडणे नव्हे, असा निकाल २०११ मध्ये लागला. म्हणून नगराध्यक्षांच्या पक्षाच्या व्यासपीठावर जाऊ नका, त्यांचे उपरणे गळ्यात घेऊ नका, फलकावर फोटो छापू देऊ नका, आणि ‘शहर विकास’ वगैरे नावाने नव्या आघाडीच्या नोंदणीपत्रावर सही तर नकोच. पत्रकारांशी बोलताना ‘मी माझ्याच पक्षाची आहे, या एका विषयावर मत वेगळे आहे’ एवढेच बोला.

परवानगी न मिळताही मत दिलेत तर त्याच दिवशी क्षमापनाचा अर्ज द्या. ज्यांच्या अधिकाराने व्हीप निघाला त्यांच्याच सहीचे, १५ दिवसांच्या आतल्या तारखेचे पत्र हवे. ‘साहेब म्हणाले, सोडून दिले’ याला किंमत नाही. पत्र मिळताच एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखल करा.

ते मिळाले नाही आणि तुमच्याविरुद्ध अर्ज झाला, तर नगरपरिषदेच्या बाबतीत निर्णय जिल्हाधिकारी करतात. व्हीप निघाला म्हणून पद आपोआप जात नाही, तुमचे म्हणणे ऐकावे लागते. नोटिशीतली मुदत चुकवू नका आणि मोघम नकार न देता परिच्छेदवार उत्तर द्या. निर्णय विरोधात गेला तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. तुमचा जिल्हा त्याच्या कक्षेत असेल तर मुंबई गाठायला नको. सभा संपली की दुसऱ्याच दिवशी मुख्याधिकाऱ्यांकडे इतिवृत्ताच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. उपसूचना कुणी मांडली, मतदान हात वर करून झाले की नावे पुकारून, आणि तुमचे मत नेमके कशाला नोंदले गेले, हे त्यावरूनच सिद्ध होईल.