भावाशी संबंध तोडले तर माहेरच्या घरातला वाटा जातो का? तो मैत्रिणीच्या नावे करता येईल का?

वाटा जात नाही, आणि तो मैत्रिणीला देताही येतो. राखी, येणं-जाणं, फोन, सगळं खुशाल थांबवा; छळणाऱ्या माणसाशी नातं ठेवायची सक्ती कुठलाच कायदा करत नाही. हिंदू वारसा कायद्याच्या कलम ६ मधल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासूनच आहे. तो जातो हक्कसोडपत्राने, म्हणजे आपला वाटा सोडल्याचं तुम्हीच लिहून दिलंत तर. ‘नुसती सही कर गं, तलाठ्याकडे द्यायचंय’ म्हणत पुढे केलेला कागद वाचल्याशिवाय सही करू नका. मैत्रिणीसाठी मात्र मृत्युपत्र हवंच, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं. नाहीतर तिने वर्षानुवर्षं तुमचं दुखणंखुपणं काढलं तरी वारसांत ती येत नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटणी झाली असेल, तर या दुरुस्तीचा उपयोग नाही.