सरकारच प्रकल्प करणार, सरकारच तपासणार. मग पर्यावरण आढावा कशाला?

तुमचं म्हणणं असं की प्रकल्प सरकारचा, त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे सांगणारा आढाव्याचा अहवाल लिहिणारा सल्लागारही त्यांनीच नेमलेला आणि मंजुरी देणारेही तेच. शंका रास्त आहे. मी काही वर्षं असे अहवाल लिहिण्याचं काम केलंय, म्हणून आतली गोष्ट सांगतो.

प्रकल्प अडवणं हे आढाव्याचं कामच नाही. असा पहिला देशव्यापी कायदा अमेरिकेत १ जानेवारी १९७० ला झाला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये साफ सांगितलं की हा कायदा माहिती न घेता केलेला निर्णय रोखतो, चुकीचा निर्णय रोखत नाही. पण तिथलाच १९७१ चा कॅल्व्हर्ट क्लिफ्स खटलाही पाहा. अणुवीज केंद्र खासगी कंपनीचं, सरकारची फक्त परवानगी. तरी आढावा लागू झाला. वर तिथलं अपील न्यायालय म्हणालं, अहवाल फाइलला नुसता जोडून भागणार नाही, निर्णय घेताना तो विचारात घ्यावा लागेल. म्हणजे सगळी मदार अहवालात काय लिहिलंय त्यावर.

आणि गोम तिथेच असते. एका रस्त्याच्या कामात आम्ही ऐन उन्हाळ्यात पाहणी केली. तक्त्यात मी लिहिलं, 'कोरडा ओढा, प्रवाह नाही.' खोटं काहीच नव्हतं. पण काठच्या झाडाच्या फांदीत, माझ्या डोक्याच्याही वर, पुरात वाहून आलेलं गवत अडकलं होतं. ते मी पाहिलं आणि लिहिलं नाही, कारण तक्त्यात तसा रकानाच नव्हता! रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जायची मोरी त्या तक्त्यावरून ठरली, लहान. लाज वाटते अजून.

म्हणून अहवाल हाती आला की जाडी बघून दबू नका. निम्मा भाग भरताड असतो (आम्हीच भरायचो). आधी पाहणी कोणत्या महिन्यांत झाली ते बघा, मग पर्यायांचं प्रकरण काढा. ठरलेल्या जागेला वीस पानं आणि 'प्रकल्पच न केल्यास' या पर्यायाला चार ओळी असतील, तर जागा आधीच ठरली होती असं समजा.

हरकत मुदतीत आणि लेखी द्या, पोच घ्या. 'निसर्गाचा नाश होईल' असं लिहिलंत तर उत्तरही तितकंच मोघम मिळतं. 'अमुक पानावर ओढा कोरडा म्हटलाय, पावसाळ्यातला फोटो सोबत जोडलाय, मोरीचं गणित दाखवा' असं विचारलंत, की कुणाला तरी बसून ते गणित करावं लागतं.