मोटरहोम विकत घ्यायची की यंदा भाड्याने? नेपरव्हिलच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. काका ६८ चे, काकू ६६ च्या, दोघं रिटायर्ड, शिकागोजवळ नेपरव्हिलला घर, कर्ज फिटलेलं, आयआरएत (निवृत्तीच्या बचत खात्यात) ६ लाख २० हजार डॉलर. बर्फ उपसून कंटाळा आलाय, काकूंचे गुडघे थंडीत फार दुखतात, म्हणून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घरातूनच मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) घेऊन निघायचं, अ‍ॅरिझोनात हिवाळा काढायचा आणि मार्चमध्ये परत यायचं. तीन वर्षं जुनी क्लास सी (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली, मध्यम आकाराची) गाडी बघून ठेवलीये, किंमत ९५ हजार. प्रश्न असा की पैसे आयआरएतून एकदम काढू की डीलर देतोय ते १५ वर्षांचं कर्ज घेऊ?

माझं उत्तर, यंदा दोन्ही नको. पण ट्रिपला मात्र नक्की जा, ती रद्द करू नका, काकूंच्या गुडघ्यांसाठी तरी जाच.

आधी आयआरएचं बघू. ९५ हजार ही नुसती गाडीची किंमत झाली, तुमच्या इलिनॉय राज्याचा सेल्स टॅक्स ६.२५ टक्के, वर लोकल असेल तो, म्हणजे लाखाच्या पुढे गेलात. आता ट्रॅडिशनल आयआरएतून (ज्यात पैसे टाकताना टॅक्स भरलेला नसतो) काढलेला प्रत्येक डॉलर त्या वर्षीचं उत्पन्न धरतात. इलिनॉय स्टेट रिटायरमेंटच्या पैशावर टॅक्स लावत नाही तेवढं बरं, पण फेडरल आहेच. तुम्ही लिहिलंय की सगळी डिडक्शन (वजावटी) जाऊन करपात्र ७८ हजार उरतात. २०२५ च्या दरांनी जोडप्याला ९६,९५० पर्यंत १२ टक्क्यांचा टप्पा आहे आणि पुढे २२ चा, म्हणजे काढलेले पहिले १९ हजार सोडले तर बाकी जवळजवळ सगळं २२ टक्क्यांत जातं आणि शेवटचा थोडा भाग २४ मध्ये. शिवाय ६५ च्या वरच्यांना माणशी ६ हजारांचं जे जादा डिडक्शन मिळतंय (२०२५ ते २०२८ एवढ्यापुरतं आहे ते) ते जोडप्याचं उत्पन्न दीड लाखाच्या वर गेलं की कमी कमी होत जातं, तुमचं जवळपास सगळंच जाईल. हे सगळं धरून मी ढोबळ हिशोब केला, हातात १ लाख १ हजार यायला तुम्हाला १ लाख ३० हजारांच्या आसपास काढावे लागतील. टॅक्सच ३० हजारांच्या घरात!

आणि इथेच संपत नाही. मेडिकेअरचा, म्हणजे म्हातारपणच्या सरकारी आरोग्य विम्याचा हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो. २०२६ साठी जोडप्याचं उत्पन्न २ लाख १८ हजारांच्या वर असलं की जादा आकार लागतो, आणि ती रेषा दरवर्षी थोडी वर सरकत असली तरी तुमचं त्या वर्षीचं, डिडक्शन जायच्या आधीचं उत्पन्न अडीच लाखांच्या पुढे दिसणार, म्हणजे दोन वर्षांनी पार्ट बी (डॉक्टरांचा खर्च) आणि पार्ट डी (औषधं) मिळून आत्ताच्या दरांनी दोघांचे वर्षाला २ हजारांहून जास्त डॉलर वाढणार. जादा हप्त्याचं पत्र आल्यावर लोक घाबरून फोन करतात की आम्ही काय चूक केली, तर चूक दोन वर्षांपूर्वी झालेली असते.

कर्जाचं म्हणाल तर डीलर तुम्हाला सांगतोय की व्याजावर टॅक्स सूट मिळते. खोटं नाहीये ते. गाडीत झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि टॉयलेट असेल तर ती दुसरं घर धरली जाऊ शकते आणि व्याज वजा करता येतं, पण आयटमाइज केलं, म्हणजे खर्च एकेक करून दाखवले तरच. घराचं कर्ज फिटलेलं, तुम्ही स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट ठरलेली वजावट) घेता, म्हणजे तुम्हाला त्या सुटीचा काडीचा उपयोग नाही. आणि १५ वर्षांचं कर्ज म्हणजे तुम्ही ८३ चे होईपर्यंत हप्ते. गाडी तोवर चालवणार आहात का, हे मला नाही, काकूंना विचारा.

आता मला पत्रात सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट, जी तुम्ही शेवटी सहज लिहून टाकलीत. एक हिवाळा आड करून तुम्ही पुण्याला जाता, भावंडं आहेत, लग्नं असतात, डिसेंबर ते फेब्रुवारी तिकडेच. म्हणजे ही गाडी दोन वर्षांतून एकदा तीन महिने वापरणार. बाकीचे २१ महिने ती स्टोरेजमध्ये उभी, भाडं चालू, इन्शुरन्स चालू, दर हिवाळ्याआधी पाण्याच्या लाइन रिकाम्या करून पाइप गोठू नयेत म्हणून गुलाबी अँटीफ्रीझ घालायचं, आणि टायर तर न वापरता सुद्धा वयाने जातात, पाच-सात वर्षांत बदलावेच लागतात, वरून कितीही नवे दिसोत. किंमत उतरते ती वेगळीच. हे सगळं मिळून वर्षाला १० हजार सहज धरा, दोन वर्षांचे २० हजार, आणि त्यात मिळतो एकच हिवाळा.

म्हणून माझा प्रस्ताव असा. यंदा घरातून निघूच नका, विमानाने फिनिक्सला जा आणि तिथून चार आठवड्यांसाठी क्लास सी भाड्याने घ्या. डिसेंबरात शिकागोहून निघालात की फिनिक्सपर्यंत साधारण १७५० मैल, गाडी गॅलनला नऊ मैल देईल तर एका बाजूचं १९५ गॅलन पेट्रोल, आणि वाटेत मिसुरी-ओक्लाहोमात रस्त्यावर बर्फाचा थर मिळायची भीती. त्यात थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून दक्षिणेला ऊब लागेपर्यंत गाडीत पाणी भरायचंच नाही, म्हणजे घर बरोबर आहे पण नळ बंद. पहिल्यांदाच एवढी मोठी गाडी चालवणाऱ्याने ही सुरुवात करू नये, हे मी पैशाचं नाही, काळजीचं बोलतोय.

भाड्याचं मी रात्रीला १८० डॉलर धरलंय, २८ रात्रींचे ५ हजार, त्यावर इन्शुरन्स, मैलांचा आणि जनरेटरचा आकार, पेट्रोल, विमान, जागेचं भाडं धरून ९ हजारांच्या आत बसवा. (कोटेशन घेताना मैल किती फुकट आहेत आणि महिन्याचा रेट आहे का ते आधी विचारा.) ६२ वर्षांवरच्यांसाठी असलेला नॅशनल पार्कचा सीनियर पास ८० डॉलरमध्ये आयुष्यभराचा मिळतो, बऱ्याच सरकारी कॅम्पग्राउंडवर निम्मं भाडं पडतं. क्वार्ट्झसाइटजवळ ला पोसाला सरकारी जमिनीवर सप्टेंबर १५ ते एप्रिल १५ अशा सीझनचं मुक्कामाचं परमिट आहे, त्याचा दर वर्षानुवर्षं १८० डॉलर होता. जागेवर हुकअप (वीज-पाण्याची जोडणी) नाही, पण तिथे पाणी आणि डंप स्टेशन (सांडपाणी ओतायची जागा) आहे, हजारो रिटायर्ड मंडळी तिथे हिवाळा काढतात.

निघण्याआधी एक काम करा. तुमचं मेडिकेअर ओरिजिनल (थेट सरकारी) आहे की खासगी कंपनीमार्फतचं अ‍ॅडव्हान्टेज ते पत्रात नाहीये. अ‍ॅडव्हान्टेज एचएमओ (ठरावीक डॉक्टरांच्या यादीपुरतं) असेल तर अ‍ॅरिझोनात इमर्जन्सी कव्हर होईल, पण काकूंच्या गुडघ्याची साधी व्हिजिट कदाचित होणार नाही. बदलायची मुदत ७ डिसेंबर. पण घाईने बदलू नका, अ‍ॅडव्हान्टेज सोडून ओरिजिनलला आलात तर मेडिगॅपवाले (ओरिजिनलला जोडून घ्यायचा पूरक विमा विकणारे) तब्येतीचे प्रश्न विचारू शकतात, म्हणून आधी मेडिगॅप मिळतंय का ते बघा. आणि घराच्या इन्शुरन्सवाल्याला सांगून ठेवा की महिनाभर घर रिकामं असेल, पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद, हीट ५५ फॅरनहाइटवर.

मार्चपर्यंत दोघांचं मन गाडीवर बसलं तर घ्या की, मी आडवा येणार नाही. फक्त पुढच्या वेळी पैसे अर्धे डिसेंबरात आणि अर्धे जानेवारीत काढा, म्हणजे दोन टॅक्स वर्षांत विभागले जातील, मेडिकेअरची ती रेषा ओलांडली जाणार नाही आणि टॅक्समध्येही तीन-चार हजार वाचतील.

आम्ही एकदा जानेवारीत अशीच भाड्याची गाडी घेऊन वाळवंटात उतरलो होतो, दिवसा मस्त ऊन आणि पहाटे पाणी गोठेल एवढी थंडी, फर्नेस (गाडीतला हीटर) प्रोपेनवर चालतो पण त्याचा पंखा बॅटरीवर, पहाटे चारला बॅटरी संपली आणि मुलीला जॅकेटमध्ये गुंडाळून बसलो. तेव्हा पहिल्या दोन रात्री फिनिक्सजवळच वीज असलेल्या जागी काढा, सगळी बटणं ओळखीची झाली की मग लांब जा.